वाघासारखा एकटा? ‘ल सामुराई’ ताडोबाच्या नजरेतून

आज एक फ्रेंच पिक्चर. ‘ल सामुराई’, १९६७ चा. दिग्दर्शक ज्याँ-पिएर मेलविल, हिरो अलाँ दलाँ. शेवटाबद्दल बोलणार आहे, आधी पाहायचा असेल तर इथेच पॉज करा.

सुरुवातीला पडद्यावर एक वचन येतं, सामुराईच्या एकटेपणाची तुलना जंगलातल्या वाघाशी करणारं. खाली ‘बुशिदो’ असं ग्रंथाचं नाव. खरं तर ते मेलविलनंच रचलंय! पण वाघाचं नाव निघालं की आपण चंद्रपूरवाले कान टवकारणारच ना.

जेफ कॉस्टेलो हा सुपारी किलर. राखाडी खोली, पलंगावर पडून सिगारेट, पिंजऱ्यात एक पक्षी. पहिला संवाद यायला जवळपास दहा मिनिटं लागतात. मग गाडी चोरताना तो जुडग्यातली एकेक चावी लावून बघतो, चेहऱ्यावर रेषही हलत नाही. कोट, हॅट, शांतता... अशा क्लिपा बघून वाटतं, असंच राहावं राव, कुणाची गरजच नको!

इथे मला वाघ आठवतो. वाघ एकटा फिरतो, खरंय. पण झाडावर ओरखडे काढतो, मूत्राचे फवारे मारतो, त्या वासावरून शेजारच्या वाघाला त्याची खबर लागते. बछडी साधारण दोन वर्षं आईसोबत असतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, वाघ ऑफलाइन नसतोच, मेसेज फक्त उशिरा वाचले जातात.

जेफचं तसं नाही. मैत्रीण झान त्याच्यासाठी पोलिसांशी खोटं बोलते, पण तो तिच्याजवळही मोकळा होत नाही. ज्यांनी सुपारी दिली तेच त्याच्यावर गोळी झाडतात. पोलीस खोलीत गुपचूप माईक लावून जातात. तो परततो तेव्हा पक्षी सैरभैर झालेला, पिसं पडलेली. तेवढ्यावरून जेफ ओळखतो, कुणीतरी येऊन गेलंय. ताडोबात वानराचा किंवा चितळाचा कॉल आला की गाईड जिप्सी थांबवतो, अगदी तसंच. फरक एवढाच की जेफच्या अख्ख्या पॅरिसमध्ये कॉल देणारं हे एकच पाखरू.

शेवटी त्याला सुपारी मिळते क्लबमधल्या पियानोवालीची. तिनं त्याला खुनाच्या वेळी समोरासमोर पाहिलेलं, तरी पोलिसांना ‘हा तो नव्हे’ सांगितलेलं. तो क्लबात जातो, काउंटरवर हॅट देतो आणि टोकन तिथेच ठेवून पुढे निघतो. तिच्यावर पिस्तूल रोखतो, पोलीस त्याला गोळ्या घालतात. नंतर पिस्तूल उघडून बघतात, तर आत एकही गोळी नाही.