गर्दी वाढली की काळ मंदावतो

‘ईव्ह ऑनलाइन’ हा आइसलँडमधल्या सीसीपी कंपनीचा खेळ २००३ पासून चालू आहे. असे बहुतेक खेळ आपल्या जगाच्या अनेक प्रती काढतात आणि खेळाडू त्यांत वाटून देतात. इथे मात्र, चीनमधला वेगळा सर्व्हर सोडला तर, सगळ्यांचं विश्व एकच. ते चालवायचं काम अनेक संगणकांत वाटलेलं असतं. ही सूर्यमाला या संगणकाकडे, ती त्या संगणकाकडे. म्हणजे वाटणी होते ती जागेची.

पण हजारो जण एकाच सूर्यमालेत लढायला उतरले तर? आधी वार कोणी केला, हे सर्वांना एकसारखंच दिसायला हवं. शिवाय माणसं दुप्पट झाली की त्यांच्या जोड्या जवळपास चौपट होतात. हे काम आणखी तुकड्यांत वाटणं फार अवघड.

मग काहींना दाराबाहेर ठेवायचं का? त्यांनी वेगळा मार्ग काढला. तिथला काळच हळू केला, गरज पडली तर मूळ वेगाच्या १० टक्क्यांपर्यंत. खेळातला एक सेकंद म्हणजे आपल्या घड्याळातले दहा. जानेवारी २०१४ मधली एक लढाई अशी सुमारे २१ तास चालली.

काळ म्हणजे घटनांचा क्रम, असं लायब्निझ मानत असे. त्या अर्थानं इथे काळाचं काहीच बिघडत नाही. वेग गेला तर कंटाळा येतो. क्रम गेला तर न्यायच जातो. इथे उशीर सगळ्यांना सारखा होतो, पण पाळी कोणाचीच चुकत नाही.