कॅमेऱ्याचा पडदा आणि भिंग : बिघाड नेमका कोठें?

लग्नमंडपांत अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि नेमक्या त्याच क्षणीं छायाचित्रकाराचा कॅमेरा ‘एरर ०१’ अशीं अक्षरें दाखवून स्तब्ध होतो. हार पुन्हा घालावयास लावतां येतात. अंतरपाट कांहीं पुन्हा धरतां येत नाहीं. अशा प्रसंगानंतर बहुतेकांस दोनच वाटा सुचतात. घाबरून कॅमेरा दुरुस्तीस टाकणें व मोठा खर्च पदरीं घेणें ही एक. स्वतःच आंत कांहीं तरी टोंचून असलेलें यंत्रही गमावणें ही दुसरी. बिघाड भिंगांत आहे कीं पडद्यांत, हें आधीं ठरविण्याची तिसरी वाट बिनखर्चाची असूनही क्वचितच कोणी धरतो.

डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यांत भिंगांतून आलेला प्रकाश तिरप्या आरशावर पडून वरच्या खिडकीकडे जातो. बटन दाबतांच आरसा उचलला जातो, भिंगांतील पाकळ्या ठरलेल्या मापापर्यंत मिटतात, मग सेन्सरपुढील पडदा म्हणजे शटर उघडतें व मिटतें, आणि आरसा पुन्हा खालीं येतो. पापणी लवते न लवते तोंच हें सर्व उरकतें. या साखळींतील कोणतीही कडी निसटली तरी बाहेरून दिसणारें लक्षण बहुधा एकच, तें म्हणजे चित्र निघत नाहीं.

कित्येकदां तर बिघाड मुळीं नसतोच. स्वयंचलित केंद्रीकरणावर ठेवलेला कॅमेरा, वस्तु स्पष्ट झाल्याखेरीज, पडदा उघडूं देत नाहीं. वस्तु भिंगाच्या फार जवळ असली, समोर कोरी भिंत असली किंवा अंधार असला, तरी बटन मुकेंच राहतें. भिंगावरील खटका हातानें केंद्रित करण्याच्या बाजूस सरकवून पाहावें. एवढ्यानें फोटो निघाला तर पडद्यास दोष देण्याचें कारण नाहीं. विजेरी उतरली आहे काय आणि कार्ड जागेवर आहे काय, हेंही याच वेळीं पाहून घ्यावें.

आतां ‘एरर ०१’. कॅननच्या कॅमेऱ्यांत या आंकड्याचा अर्थ कॅमेरा आणि भिंग यांचें आपसांतील संभाषण बिघडलें, एवढाच आहे. या कंपनीनें १९८७ सालीं ईओएस पद्धति आणली, तेव्हांपासून पाकळ्या हलविण्याचें काम पूर्णपणें विजेच्या संदेशावर चालतें. तो संदेश भिंगाच्या मागील सोनेरी टिकल्यांतून जातो. तेथें घामाचा किंवा धुळीचा थर बसला कीं संदेश अडतो. कॅमेरा बंद करून भिंग काढावें, कॅमेऱ्याचें तोंड खालीं ठेवावें आणि टिकल्या मऊ, कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडानें पुसाव्यात. कोणी खोडरबर वापरतात; पण त्याचा चुरा आरशाच्या पोकळींत पडतो व सोन्याचा मुलामाही झिजतो. सँडपेपरचें तर नांवही काढूं नये.

पुसूनही आंकडा गेला नाहीं, तर एक फार उपयोगी परीक्षा आहे. भिंगाचें छिद्र सर्वांत मोठें, म्हणजे आंकडा सर्वांत लहान, ठेवून फोटो घ्यावा. (छिद्र मोठें तर आंकडा लहान, हा उलटा हिशेब नवख्यांस नेहमीं चकवितो.) नंतर एफ ८ वर घ्यावा. पहिला फोटो निर्विघ्न निघाला आणि दुसऱ्यास आंकडा उमटला, तर संशय सरळ पाकळ्यांवर किंवा त्यांच्याकडे जाणाऱ्या बारीक लवचीक पट्टीवर घ्यावा. कारण उघड आहे : छिद्र पूर्ण उघडें असतांना पाकळ्यांना हलावेंच लागत नाहीं. खात्रीसाठीं एखाद्या सहव्यवसायीचें चांगलें भिंग मागून लावावें. त्यावर कॅमेरा नीट चालला तर कॅमेऱ्याची देह-तपासणी करण्याची गरजच नाहीं.

निकॉनची गोष्ट थोडी निराळी. १९५९ सालच्या एफ जोडणीच्या बहुतेक भिंगांत पाकळ्या एका लहानशा तरफेनें हलतात. त्यांवर तेल आलें तर त्या आळसावतात आणि वेळेवर मिटत नाहींत. मग मोठ्या छिद्राचे फोटो बरोबर, तर लहान छिद्राचे पांढरेफटक येतात. जुन्या कड्याच्या भिंगावर ‘एफईई’ अशीं अक्षरें दिसलीं, तर तो रोग नव्हे. कडें सर्वांत मोठ्या आंकड्यावर फिरवावें, इतकीच सूचना.

पडद्याच्या दोषाची खूण वेगळी. पडदा दोन भागांचा असतो. पहिला सेन्सर उघडतो, दुसरा झांकतो. एक मागें पडला कीं चित्राच्या वरच्या किंवा खालच्या कडेस काळा पट्टा येतो. दिवसाउजेडीं पांढऱ्या भिंतीचे फोटो १/३०, १/५०० आणि १/४००० सेकंदांवर घ्यावे. वेग वाढेल तसा पट्टा रुंदावला, तर दोष पडद्याचा. ही परीक्षा दिव्याखालीं करूं नये. एलईडी दिव्यांचें लुकलुकणेंही पट्टे उमटवितें. तसेंच फ्लॅश लावून सामान्यतः १/२०० किंवा १/२५० पेक्षां अधिक वेग ठेवल्यास दिसणारा काळा पट्टा हा यंत्राचा धर्म आहे, बिघाड नव्हे.

पडद्यास बोट लावूं नये. डबाबंद हवेचा झोतही मारूं नये. त्याच्या पात्या तेवढ्यानें रुळावरून सुटतात. सेन्सर साफ करतांना पडदा विजेच्या जोरावर उघडा राहतो. विजेरी मध्येंच संपली तर तो ब्रशावरच मिटतो, म्हणून विजेरी पूर्ण भरलेली हवी. झीज मात्र टळत नाहीं. कॅननच्या ५डी मार्क ३ च्या पडद्याचें आयुष्य दीड लाख, तर १डी एक्सचें चार लाख फोटोंचें सांगितलेलें आहे. नवे कॅमेरेही निर्दोष निघतातच असें नाहीं : २०१२ च्या निकॉन डी६०० मध्यें सेन्सरवर डाग पडत, आणि २०१४ सालीं कंपनीस पडदे विनामूल्य बदलून द्यावे लागले.

दुरुस्तीस देण्याची वेळ आलीच, तर सोबत एक चिठ्ठी द्यावी : कोणतें भिंग लावलें होतें, कोणत्या छिद्रावर व वेगावर बिघाड दिसला, कोणता आंकडा उमटला, दुसऱ्या भिंगानें काय झालें. पट्ट्याचा एक फोटोही कार्डावर ठेवावा. एवढें हातीं असलें म्हणजे कारागिरास सगळें यंत्र खोलावें लागत नाहीं, आणि गिऱ्हाइकासही कशाचे पैसे द्यावयाचे तें आधींच कळतें.