दाढेतील भरण : जंतुनाश की बळकटी?

कीड लागलेली दाढ दंतवैद्याने कोरली, खड्डा बुजविला, की प्रकरण मिटले असे आपण समजतो. परंतु काही वर्षांनी पुष्कळांना तीच दाढ घेऊन पुन्हा त्याच खुर्चीत बसावे लागते. भरण आणि दात यांच्या सांध्यात केसाएवढी फट पडते, तीत जंतू शिरतात आणि भरणाच्या आडोशाने कीड आपले काम पुन्हा सुरू करते. दाढ दुसऱ्यांदा कोरली की खड्डा पहिल्याहून मोठा होणार, हे उघड आहे. मग भरणातच जंतुनाशक का कालवू नये?

हा विचार संशोधकांनाही सुचला. लंडनमध्ये ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी १९७२ साली जाहीर केलेले ग्लास आयोनोमर सिमेंट घ्या. फ्लोराइडयुक्त काचेची पूड आणि पॉलिॲक्रिलिक आम्ल यांच्या संयोगाने ते घट्ट होते, दाताला आपणहून चिकटते आणि फ्लोराइड झिरपू देते. मात्र हा झिरपा पहिले काही दिवस भरपूर, पुढे क्षीण. म्हणून त्यात क्लोरहेक्झिडिन, म्हणजे गुळण्यांच्या औषधातील जंतुनाशक, मिसळून पाहण्यात आले. जंतू मेले खरे. पण औषध वाढवावे तसतसे सिमेंट उशिरा घट्ट होऊ लागले व त्याची दाब सोसण्याची शक्ती घटली. शेकडा एकच्या आसपास प्रमाण असता हानी थोडी. त्यापुढे ती डोळ्यांत भरू लागते.

याचे कारण गूढ नाही. भिंतीच्या चुन्यात कोणी कापराच्या वड्या कालवील, तर वास काही दिवस दरवळेल. पण कापूर उडून गेल्यावर त्याच्या जागी पोकळीच उरेल. जे औषध बाहेर पडूनच काम करते, ते आपल्यामागे अशी सूक्ष्म छिद्रे ठेवून जाते. शिवाय मुळात आम्ल व काच यांच्या संयोगातही ते व्यत्यय आणते.

ही बळकटी मोजतात कशी? चार मिलिमीटर व्यासाची, सहा मिलिमीटर उंचीची कांडी करून, ३७ अंश सेल्सियस तपमानात एक दिवस ठेवून, यंत्राखाली चिरडतात. कधी नमुने ५ व ५५ अंशांच्या पाण्यात आळीपाळीने हजारो वेळा बुडवितात. तरीही सुपारी फोडणारी दाढ प्रयोगशाळेत भेटत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

जपानमधील ओसाका विद्यापीठात सातोशी इमाझातो यांनी १९९० नंतरच्या दशकात निराळी वाट धरली. त्यांनी जंतुनाशक घटक रेझिनच्या साखळीतच रासायनिक बंधाने गुंफला. तो झिरपत नाही, म्हणून पोकळीही पडत नाही. पण मग तो केवळ स्पर्श झालेल्या जंतूंवरच चालतो, आणि लाळेतील प्रथिनांचा पातळ थर वर बसला की तीही शक्ती मंदावते. म्हणून तो भरणाच्या उघड्या पृष्ठभागापेक्षा दात व भरण यांना जोडणाऱ्या चिकट थरात घालणे सोयीचे ठरले. घट्ट होण्यापूर्वी तो खड्ड्यात उरलेल्या जंतूंना मारतो. आणि चावण्याचा मुख्य भार त्याच्यावरील बळकट रेझिन उचलते.