कळी, काठी आणि ‘करून पहा’

बुलडाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजातून बाहेर पडलं की शेतांमध्ये शेडनेटचे मांडव दिसायला लागतात. आत टोमॅटो, मिरची, काकडी असते. ती बाजारात जात नाही, तिचं बियाणं जातं. जालना इथून जवळ. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी तिथे महिको सुरू केली आणि पुढे जालना बियाण्यांचं मोठं ठाणं झालं. त्या उद्योगाचा एक हात आज देऊळगाव राजा तालुक्यातल्या शेडनेटपर्यंत पोचलेला आहे.

आतलं काम एकदा नीट बघावं असं आहे. टोमॅटोच्या मादी ओळीत उद्या उमलेल अशी कळी हेरायची. चिमट्याने पाकळ्या सारून पुंकेसरांची पिवळी नळी अलगद ओढून काढायची, आणि हे करताना मधल्या कुक्षीला धक्का लागता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडांच्या फुलांतून गोळा केलेले पराग त्या कुक्षीला लावायचे. क्रॉसिंग झालेलं फूल ओळखू यावं म्हणून देठाजवळच्या हिरव्या निदलांपैकी दोन कापून टाकायची. फळ पिकून लाल झालं तरी ती खूण राहते आणि तोडणीच्या वेळी खूण असलेलंच फळ बियाण्याला घेतात. हे काम मुख्यतः बाया करतात, दिवसाला शेकड्यांनी फुलं हाताखालून घालवत.

आता याच बायांची मुलं शाळेत काय करतात ते पाहू. ‘पुमंग, जायांग, दलपुंज, निदलपुंज’ असे शब्द पाठ करतात आणि फळ्यावरच्या फुलाची आकृती वहीत उतरवतात. ‘परपरागण म्हणजे काय?’ या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत लिहितात. आई संध्याकाळी जे बोटांनी करते तेच आपण सकाळी पाठ केलं, हे त्यांच्या लक्षात आणून देणारं मधे कुणी नसतं. मला ही आपल्या विज्ञानशिक्षणातली सगळ्यात मोठी उधळपट्टी वाटते. प्रयोगशाळा नाही, साहित्य नाही अशी ओरड आपण करतो, आणि आख्खा तालुका परागणाची प्रयोगशाळा चालवत असतो.

शाळेने मुलांना शेडनेटमध्ये कामाला जुंपावं, असं कुणी यातून समजू नये. तिथे फवारणी असते, उकाडा असतो आणि ती जागा पोरांची नाही. शाळेच्या आवारात टोमॅटोची दहा-बारा रोपं लावायला मात्र काही अडचण नसावी. झाडांना कळ्या आल्या की एखाद्या विद्यार्थ्याच्या आईला वर्गात बोलवावं. ‘ताई, तुम्ही कळी कशी हेरता ते जरा दाखवा’, असं सरांनी सगळ्यांसमोर विचारावं. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा त्या बाईंच्या बोटांना जास्त ठाऊक असतं, आणि ते मुलांनी पाहणं हाही शिक्षणाचाच भाग आहे.

मग खरी गंमत सुरू करावी. कळ्यांचे तीन गट करायचे. पहिल्या गटाला हात लावायचा नाही. दुसऱ्या गटातले पुंकेसर काढून वर पातळ कापडाची पिशवी बांधायची. तिसऱ्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी पराग लावायचे आणि मग पिशवी बांधायची. प्रत्येक कळीला दोरा आणि तारखेची चिठ्ठी. काय होईल याचा अंदाज सगळ्यांनी आधी वहीत लिहायचा आणि तो नंतर खोडायचा नाही.

दुसऱ्या गटातली फुलं गळून पडतील, असं पुस्तक सांगतं. बहुतेक गळतीलही. पण चाळीस पोरांच्या वर्गात कुणाच्या तरी पिशवीतल्या फुलाला फळ धरणारच. ‘सर, याला टमाटं काहून आलं?’ असा प्रश्न आला की तास खऱ्या अर्थाने सुरू होतो. पुंकेसराचा तुकडा आत राहिला होता का? पिशवीचं तोंड सैल होतं का? कळी हेरायला उशीर झाला आणि पराग आधीच पडून गेले होते का? प्रत्येक शंकेबरोबर ती तपासायची एक युक्ती निघते. कुणी म्हणेल, पुढच्या वेळी दोन दिवस आधीची कळी घेऊ. कुणी म्हणेल, पिशवी दुहेरी बांधू. इथे मुलं वैज्ञानिकासारखं वागत असतात, आणि त्यासाठी त्यांना पांढरा कोट घालावा लागत नाही.

आपल्याकडे प्रयोग होतच नाहीत असं नाही. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत ‘करून पहा’, ‘सांगा पाहू’, ‘जरा डोके चालवा’ अशा चौकटी ठिकठिकाणी आहेत आणि त्यातल्या कित्येक चांगल्या आहेत. अडचण अशी की चौकटीच्या खालीच उत्तर छापलेलं असतं. मग प्रयोग झाला काय नि न झाला काय, वहीत एकच वाक्य येतं. पुढे प्रयोगवहीत ‘उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष’ या मथळ्यांखाली सगळा वर्ग एकाच वहीवरून उतरवतो. निष्कर्ष आधी ठरलेला, निरीक्षण त्याला जुळवून घेतलेलं. याला पाककृती म्हणावं. प्रयोगात पदार्थ बिघडण्याची शक्यता असावी लागते.

ही तक्रार नवी नाही आणि तिच्यावरचा उपायही आपल्या शेजारीच करून झालेला आहे. 1972 साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 16 उच्च प्राथमिक शाळांमधून एक कार्यक्रम सुरू झाला. बुलडाणा आणि होशंगाबाद हे दोन्ही जिल्हे 1956 पर्यंत एकाच राज्यात होते, तेव्हा हा परका मुलूख नव्हे. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सरकारी शाळांमध्ये विज्ञान शिकवायची पद्धतच बदलली. ‘बाल वैज्ञानिक’ नावाच्या कार्यपुस्तिकांमध्ये प्रयोग होते, प्रश्न होते. तयार उत्तरं नव्हती. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती, आणि प्रयोग करून दाखवायची परीक्षाही होती. मुलांना पडलेले प्रश्न पत्राने विचारता यावेत म्हणून ‘सवालीराम’ नावाचं एक काल्पनिक पात्र निर्माण केलं होतं. मुलं सवालीरामला पत्र लिहायची आणि त्यांना उत्तर जायचं. माझ्या मते त्या सगळ्या कार्यक्रमातली ही सर्वांत सुंदर सोय. वर्गात हात वर करायला लाजणारं पोरही पत्रात मोकळं होतं.

पुढे 1982 मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने हे काम सांभाळलं, ते हजाराच्या घरात शाळांपर्यंत पोचलं, आणि 2002 साली सरकारने ते बंद केलं. तीस वर्षं सरकारी शाळांत चाललेली गोष्ट ‘व्यवहारात शक्य नाही’ असं आपल्याला म्हणता येत नाही.

या कार्यक्रमाचा एक धागा महाराष्ट्रात आला. पुण्याला टेल्कोत काम करणारे अभियंते अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा काढून होशंगाबादला गेले. तिथे काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्यांना एक खेळणं सापडलं. नळीच्या लहान तुकड्याच्या दोन्ही तोंडांत काड्या खोचल्या की सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन दाबा, लगेच तिरका होतो. त्याला एक कर्णाची काडी लावा, पुन्हा ताठ. विजेच्या मनोऱ्यात, पुलाच्या सांगाड्यात, पत्र्याच्या छपराखालच्या कैचीत त्रिकोणच का दिसतात, ते सहावीचं पोर दहा मिनिटांत बोटांनी ओळखतं. पुढे गुप्तांनी पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं मुलांना अशी खेळणी शिकवली. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत आणि आंतरजालावर फुकट मिळतात. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरा धागा पाबळचा. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून 1983 साली पुणे जिल्ह्यातल्या त्या कोरडवाहू गावात गेले आणि विज्ञान आश्रम उभा केला. तिथली मुलं गावाची खरी कामं करत शिकतात: वेल्डिंग, माती-पाण्याची तपासणी, रोपवाटिका, वायरिंग. हात कामात गुंतले की डोकं आपोआप प्रश्न विचारतं, हा कलबागांचा विश्वास होता. विदर्भाला हे नवं वाटू नये. 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडलेली नई तालीम याच मुळावर उभी होती.

मात्र ‘मुलांना साहित्य द्या आणि सोडून द्या’ हा याचा अर्थ नव्हे. 2006 साली पॉल किर्श्नर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क या तिघा अभ्यासकांनी एका गाजलेल्या लेखात या समजुतीवर कडक टीका केली. नवशिक्याला मार्गदर्शन न देता मोकळं सोडलं तर त्याचं डोकं नसत्या तपशिलात अडकतं आणि मुद्दा हाती लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. टोमॅटोच्या तीन गटांचा आराखडा सरांनीच ठरवायला हवा. पिशवी का बांधायची, ज्याला हात लावायचा नाही तो गट कशासाठी, हे त्यांनीच विचारून काढून घ्यायला हवं. शोध मुलांचा, पण बांध-बंदिस्ती शिक्षकाची. म्हणून या पद्धतीत शिक्षकाचं काम कमी होत नाही, वाढतं. त्याला विषय जास्त पक्का यावा लागतो, आणि ‘मलाही माहीत नाही, बघू या’ हे वर्गासमोर म्हणण्याचं धैर्य लागतं. आपण शिक्षकांना हे धैर्य देत नाही. चाचण्या, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं यांतून त्यांच्या हाती उरतो तो पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास. आठवड्यातून एकदा विज्ञानाचे दोन तास सलग जोडून दिले तर मुख्याध्यापकांना एक रुपयाही खर्च येणार नाही. माझी सगळ्यात आग्रहाची मागणी हीच आहे.

परीक्षेचं काय, असं पालक विचारतील आणि ते रास्त आहे. दहावीला विज्ञान-तंत्रज्ञानाचे 40-40 गुणांचे दोन लेखी पेपर आणि 20 गुणांचं प्रात्यक्षिक असतं. हे 20 गुण बहुतेकांना मिळतातच, म्हणून त्यांना कुणी गांभीर्याने घेत नाही. शाळेने आपल्या अखत्यारीतल्या सहावी ते नववीच्या परीक्षांमध्ये एक तरी प्रश्न असा घालावा, की ज्यात मुलाने स्वतः केलेल्या निरीक्षणाचं कोष्टक मांडून त्यावरून काय सांगता येतं आणि काय सांगता येत नाही ते लिहायचं आहे. त्यासाठी वरून परिपत्रक यावं लागत नाही.

आणि देऊळगाव राजाच्या नववी-दहावीसाठी एक प्रयोग मला मुद्दाम सुचवायचा आहे, कारण तो या गावाच्या जागेमुळे फार छान जमतो. मीटरभर उंचीची सरळ काठी मैदानात ओळंब्याने उभी करायची. साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करायची. दुपारी बाराला सावली सगळ्यात लहान असते, असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. 22 डिसेंबरच्या आसपास इथे ती साधारण बारा वाजून चोवीस मिनिटांनी सर्वांत लहान होते. घड्याळ चुकलं का? घड्याळ बरोबर आहे, ते साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं आहे. आपण शहात्तरच्या आसपास आहोत, आणि सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटं लागतात. हे कारण सरांनी सांगायचं नाही. नकाशा पुढे ठेवायचा आणि थांबायचं.

पुढची पायरी सोलापूरला आहे. देऊळगाव राजा आणि सोलापूर जवळपास एकाच रेखावृत्तावर येतात. सोलापूर बरोबर खाली दक्षिणेला, सरळ रेषेत सुमारे 260 किलोमीटरवर. तिथल्या एखाद्या शाळेला पत्र लिहावं, नाहीतर सरळ फोन लावावा. 22 डिसेंबरला दोन्हीकडे मीटरची काठी उभी करायची आणि सर्वांत लहान सावली मोजायची. देऊळगाव राजाला ती 95 सेंटिमीटरच्या आसपास भरेल, सोलापूरला 87च्या. नववीत त्रिकोणमिती येतेच, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन्ही कोन काढायचे. फरक सव्वादोन-अडीच अंशांचा निघेल. एवढ्या अंशांना 260 किलोमीटर, तर 360 अंशांना किती? बावीसशे वर्षांपूर्वी इरॅटोस्थेनिसने इजिप्तमध्ये याच रीतीने पृथ्वीचा घेर काढला होता.

उत्तर 40,000 किलोमीटर यायला हवं. ते नेमकं तेवढंच येणार नाही. सावलीचं टोक पुसट असतं, आणि एका शाळेत अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला की घेर सुमारे अडीच हजार किलोमीटरने बदलतो. कुणाचा 37,000 येईल, कुणाचा 43,000. काठी कोणाची वाकडी होती, जमिनीला उतार कुठे होता, टोक कुणी मोजलं, यावरून दोन्ही शाळांची मुलं फोनवर वाद घालतील, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजू म्हणतील. तोवर सावलीत फारसा फरक पडत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत सूर्याची उंची जवळजवळ तीच असते, आणि आकाशही बहुधा निरभ्र असतं.