फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो? आधी बल्ब लावा

गिऱ्हाईक जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणून काउंटरवर ठेवते आणि म्हणते, "काही नाही, फक्त फ्यूज बदलून द्या." कारागीर बंधूंनी येथेच सावध व्हावे. दोन अ‍ॅम्पिअरचा फ्यूज गेला म्हणून पाचचा घालणे, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळणे, हे उद्योग आपल्याकडे पुष्कळांनी केलेले आहेत. मग फ्यूज टिकतो, पण ट्रान्सफॉर्मर जळतो. चाळीस-पन्नास वर्षांच्या सेटचा ट्रान्सफॉर्मर सहसा तयार मिळत नाही. तो नव्याने गुंडाळून घ्यावा लागतो आणि भुर्दंड दुकानावर येतो.

उडालेला फ्यूज फेकू नये. काच काळी पडली असेल तर आत थेट शॉर्ट असण्याचा संभव जास्त. काच स्वच्छ आणि तार मध्येच वितळलेली असेल तर लोड थोडाच जास्त झाला असावा. स्पीकरच्या तारा सोडून पाहाव्यात. पुष्कळदा तारेचा एखादा सुटा केस शेजारच्या टर्मिनलला टेकलेला असतो. परदेशातून आलेल्या सेटवर मागचा व्होल्टेज स्विच पाहावा. सौदी अरेबियात पूर्वी अनेक ठिकाणी १२७ व्होल्टची वीज होती. तिकडच्या खुणेवर राहिलेला सेट आपल्या २३० व्होल्टला लावला तर फ्यूज जाणारच.

इतक्याने भागले नाही तर सिरीज बल्ब. ६० किंवा १०० वॅटचा तारेचा पिवळा बल्ब फेजच्या वायरमध्ये सेटच्या सिरीजला जोडावा. एलईडी येथे कामाचा नाही. सेट ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकून मंद होतो. भरपूर तेजाने पेटलेलाच राहिला तर शॉर्ट कायम आहे, पण आता तपासणीत फ्यूजमागून फ्यूज जात नाहीत. खर्चाचा आकडा गिऱ्हाइकाला या चाचणीनंतरच सांगावा.

प्लग काढून मोठे कंडेन्सर रेझिस्टर लावून रिकामे करावेत आणि ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या तारा सोडाव्यात. बल्ब तरीही तेज असेल तर दोष ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा त्याच्या आधी. मंद झाला तर पुढे डायोड, मग कंडेन्सर, मग आउटपुट ट्रान्झिस्टर.

३०५५ सारख्या धातूच्या टोपीच्या ट्रान्झिस्टरची बॉडी म्हणजेच कलेक्टर. खालची अभ्रकाची चकती फाटली तर चांगला ट्रान्झिस्टरही हीटसिंकला शॉर्ट होतो. आणि खरोखर गेलेला असेल तर तो एकटा बदलू नये. जोडीचा दुसरा, ड्रायव्हर, एमिटरचे रेझिस्टर आणि बायसचा प्रिसेट तपासल्याशिवाय नवा बसवला तर तो पहिल्याच मिनिटात जाऊ शकतो. दुरुस्त केलेला सेट परत येतो तो बहुधा यामुळेच. नकली मालही बाजारात फिरतो, तेव्हा ओळखीच्या दुकानातूनच घ्यावा.

स्पीकर सर्वांत शेवटी. आधी आउटपुटवर डीसी मोजावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच तारा जोडाव्यात.