साखरेइतकाच मनावरचा भार

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ मधले निष्कर्ष सांगतात की भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. गोळ्या-इन्सुलिनपेक्षा त्यातल्या अनेकांना जड जातं ते रोजचं, न संपणारं सांभाळणं. या थकव्याला डॉक्टर ‘डायबेटिस डिस्ट्रेस’ म्हणतात. हे नैराश्य नव्हे, पण दोन्ही एकत्र असू शकतात. हा थकवा मोजण्यासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये २० प्रश्नांची ‘पेड’ प्रश्नावली प्रसिद्ध केली.

ताणात कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनलिन वाढतं आणि यकृत रक्तात जादा साखर सोडतं. शिवाय वैतागलेला माणूस डोस चुकवतो, तपासणी टाळतो.

उरलेला भार माणसंच घालतात. लग्नात ‘एका जिलबीनं काय होतंय?’ म्हणणारा काकाच घरी ‘पथ्य पाळलं नसेल’ म्हणून मोकळा होतो. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलीचं इंजेक्शन स्थळ येईपर्यंत लपवलं जातं, हे तर फार क्रूर आहे. तो आजार तिच्या खाण्यामुळे झालेलाच नसतो.

सणावारी इन्सुलिन घेतलेली बाई पंगत वाढत राहते, सगळ्यांच्या शेवटी बसते. तोवर रक्तातली साखर घसरून हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो. ती शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. आणि पुढच्या वेळी तिचं ताट पहिल्या पंगतीला मांडावं.