तरुण कर्करुग्णांची वैद्यकीय चाचण्यांविषयीची अभिवृत्ती : एक विवेचन

प्रस्तावना :
कर्करोगावरील प्रत्येक मान्यताप्राप्त औषधामागे, ते सिद्ध होण्यापूर्वी स्वतःवर घेऊन पाहण्यास तयार झालेले रुग्ण असतात. बालकांमधील तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगातून १९६० च्या दशकाच्या आरंभी दहांपैकी जेमतेम एक मूल वाचत असे. आज प्रगत देशांत सुमारे नऊ वाचतात. या यशाचे एक प्रमुख कारण म्हणजे तेथील बहुसंख्य बालरुग्ण वैद्यकीय चाचण्यांत (क्लिनिकल ट्रायल) समाविष्ट झाले. १५ ते ३९ या वयोगटाचा सहभाग मात्र सर्वत्र अल्प आढळतो. त्याची कारणे केवळ तरुणांच्या अनिच्छेत शोधणे योग्य ठरेल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाचे महत्त्व :
अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासाने या प्रश्नाचे गांभीर्य स्पष्ट केले. ल्युकेमिया झालेल्या १६ ते २० वर्षांच्या रुग्णांपैकी काहींवर बालरोग गटाच्या, तर काहींवर प्रौढ गटाच्या पद्धतीने उपचार झाले होते. सात वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ६७ टक्के, तर दुसऱ्यात ४६ टक्के आढळले. दोन्ही गटांतील रुग्ण चाचण्यांत नोंदलेले असल्यामुळेच ही तफावत उघड होऊ शकली. पुढे बालरोग पद्धतीचे उपचार ३९ वर्षांपर्यंतच्या रुग्णांवर तपासण्यासाठी स्वतंत्र चाचणी घेण्यात आली.

अभिवृत्तीचे घटक :
तरुण रुग्णांच्या मनात होकार आणि नकार यांची कारणे एकाच वेळी नांदतात. अधिक चांगला उपचार मिळेल ही आशा, डॉक्टरांवरील विश्वास आणि 'आपल्यामागून येणाऱ्यांना उपयोग व्हावा' ही परोपकाराची भावना होकाराकडे नेते. उलट, दुष्परिणामांचे भय, 'आपला प्रयोगातील प्राणी होईल' ही शंका, वाढीव तपासण्या व रुग्णालयाच्या फेऱ्या आणि बुडणारे शिक्षण किंवा नोकरी यांमुळे मन मागे सरते. भावी अपत्यप्राप्तीची चिंताही या वयात विशेष तीव्र असते.

यादृच्छिक विभागणी हा सर्वांत अवघड भाग होय. कोणता उपचार मिळणार हे डॉक्टर नव्हे, तर संगणक ठरवितो, हे ऐकून रुग्ण गोंधळतो. दोहोंपैकी सरस उपचार कोणता हे वैद्यकशास्त्रालाच अद्याप ठाऊक नाही, म्हणूनच ही विभागणी न्याय्य ठरते, हे त्याला समजावून सांगावे लागते. दुसरीकडे, चाचणीचा प्रत्येक भाग आपल्याच हितासाठी योजलेला आहे असा गैरसमजही होतो. अशा गैरसमजातून आलेला होकार हा भयापोटी दिलेल्या नकाराइतकाच सदोष मानावा लागेल.

संधीचा अभाव :
अभिवृत्तीचा प्रश्न निर्माण होण्यापूर्वी कोणीतरी विचारणा करावी लागते. अनेक तरुणांपुढे चाचणीचा प्रस्तावच येत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासह देशातील काही केंद्रांनी मिळून हाती घेतलेली 'आयसिकल-एएलएल-१४' ही ल्युकेमियाची चाचणी १ ते १८ वर्षांच्या रुग्णांसाठी आखलेली होती. याउलट, प्रौढांच्या अनेक चाचण्या अठराव्या वर्षापासून सुरू होतात. १२ ते १७ वर्षांच्या मुलांना प्रौढांच्या योग्य त्या कर्करोग-चाचण्यांत घ्यावे, अशी शिफारस अमेरिकी औषध नियामक संस्थेला २०१९ मध्ये करावी लागली, ती याच अडचणीमुळे.

संमती आणि कुटुंब :
भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच ७ ते १२ वयातील मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ वयात लेखी होकार अपेक्षित आहे. चाचणी चालू असताना अठरा वर्षे पूर्ण झाल्यास त्या व्यक्तीची स्वतंत्र संमती पुन्हा घ्यावी लागते. कोणत्याही टप्प्यावर माघार घेता येते आणि चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार व भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे.

व्यवहारात मात्र आपल्याकडे डॉक्टर बहुधा वडीलधाऱ्यांशीच बोलतात. कित्येकदा रोगाचे नावही रुग्णापासून लपविले जाते. ज्याला रोगाचेच नाव सांगितलेले नाही, त्याची संमती माहितीपूर्ण कशी म्हणावी? कायद्याने सज्ञान असलेला एकोणीस वर्षांचा विद्यार्थी घरात 'लहान'च राहतो. तथापि, कुटुंबाला वगळणे हाही उपाय नव्हे, कारण खर्च, सोबत आणि शुश्रूषा यांचा भार तेच वाहते.

समारोप :
तरुणांचा अल्प सहभाग ही केवळ त्यांच्या मनोवृत्तीची नव्हे, तर विचारणा, वयोमर्यादा आणि संवादपद्धती यांचीही परिणती आहे. सहभाग वाढविणे म्हणजे प्रत्येकाकडून होकार मिळविणे नव्हे. समजून उमजून दिलेला नकारही तितकाच आदरणीय होय. या वयोगटातील अनेक जण महाविद्यालयाच्या पटावर असतात. उपस्थितीची अट, परीक्षा किंवा शिष्यवृत्ती गमावण्याच्या भीतीने एखाद्या विद्यार्थ्याला उपचाराचा पर्याय नाकारावा लागू नये, एवढी दक्षता शिक्षकवर्गाला निश्चितच घेता येईल.